अक्कांची बेडकुळी

सोनोग्राफी म्हटलं की सगळ्यांची नजर आधी पोटाकडे जाते. गेल्या हिवाळ्यात इथे बेंगळुरात जयनगरच्या स्कॅनिंग सेंटरात मी नातसुनेबरोबर गेले, तर टेबलामागच्या मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ नातसुनेला विचारलं, "कितवा महिना?" नातसून बिचारी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आलेली, गळ्यात ऑफिसचा पट्टा तसाच. ती लाजून लाल झाली. मी म्हटलं, "महिना नाही, दंड. आणि तिचा नाही, माझा." बाकावर बसलेल्या पोटुशा बायका इतक्या हसल्या की मला भीती वाटली, एखादी तिथेच बाळंत व्हायची.

त्या बाकापर्यंत पोचायलाच मला भांडावं लागलं होतं. झालं होतं असं, की वरच्या फळीवरून इडलीपात्र काढताना ते निसटलं, मी ते हवेतच धरलं आणि खांद्यात टप्पकन आवाज झाला. मी तिथेच ओळखलं. पण हाडाचे डॉक्टर म्हणाले, "वय झालं, अज्जी. या वयात खांदा आखडतोच." मी म्हटलं, "आखडला नाही, तुटलंय. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते ना, ती तुटलीय. वयाने तुटली असेल, पण तुटली आहे तर तुटली म्हणा!" ते कॉम्प्युटरवर टकटक करत राहिले. मग मी बाही वर केली, हात दुमडला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. तेव्हा कुठे त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने खांद्यावर तो गारेगार चिकट लेप लावला आणि हातातलं यंत्र फिरवायला लागली. मी म्हटलं, "पुढच्या बाजूला हाडात एक खाच असते बघ, ती रिकामी असेल." तिने पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या-करड्या धुक्यासारखं काहीतरी दिसत होतं. तिने बोट ठेवलं, "इथे एक गोल पांढरा ठिपका दिसायला हवा. ती तुमची दोरी. तो नाहीये." मग यंत्र खाली सरकवत दंडावर आणलं. "आणि हे बघा, हे तिचं तुटलेलं टोक. खाली ओढलं गेलंय. भोवती हे काळं दिसतंय ते पाणी." यंत्र थांबवून ती म्हणाली, "अज्जी, निमगे हेगे गोत्तु?" म्हणजे, तुम्हाला कसं माहीत?

मी म्हटलं, आमच्या घरात हे दुसऱ्यांदा होतंय बाई. पहिल्यांदा झालं तेव्हा तुझं हे यंत्र नव्हतं, आणि एका बाईच्या दंडाची दोरी तुटली म्हणून तिला वेडी ठरवायला निघाले होते.

तिला सगळं सांगायला वेळ नव्हता, बाहेर पोटं ताटकळली होती. तुम्हाला सांगते.

मी लग्न होऊन बेंगळूरला आले ती साताऱ्याकडून. साठ साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. आमच्या ह्यांचं घराणं इथलं जुनं, किती जुनं ते त्यांनाही धड माहीत नाही. कुणी पूर्वज घोड्यावरून इकडे आला, पुढे घोडा गेला आणि हे राहिले, एवढीच माहिती. त्यांचं बोलणं ऐकून पहिले काही दिवस मला कळेचना, हे मराठीत कन्नड बोलतात की कन्नडात मराठी. "स्वल्प मीठ घाल, सरी?" असं सासूबाई म्हणाल्या की मी मिठाचा डबा हातात घेऊन उभी. स्वल्प म्हणजे थोडं, आणि सरी म्हणजे बरं, ठीक. आणि माझं सातारी बोलणं ऐकून ह्यांच्या आत्या म्हणायच्या, "ही बोलते का भांडते?" दोन्ही करते, असं मी मनात म्हणायची. मनात म्हणायचे दिवस फार टिकले नाहीत.

शाळा माझी लवकर सुटली. कन्नड मी शिकले ती मागच्या अंगणातल्या विहिरीवर, शेजारणींकडून. पहिला शब्द नीरु, पाणी. दुसरा बावी, विहीर. आणि तिसरा कप्पे. एकदा मी ओढलेल्या बादलीतून एक बेडूक टुणकन माझ्या पायावर आला, मी किंचाळले, आणि शेजारीण कुंपणापलीकडून हसत ओरडली, "कप्पे! कप्पे!" तो शब्द मग जन्मात विसरले नाही. त्या कप्पेनेच पुढे आमची लाज राखली, पण तिकडे येते.

सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं, पोटचा मुलगासुद्धा. मग मीही अक्काच म्हणू लागले. लवकर विधवा झालेल्या, एका मुलाला एकटीने वाढवलेल्या, उंच, रुंद खांद्यांच्या. कोपरापर्यंत बाहीचं पोलकं, फिक्या रंगाचं नऊवारी, आणि हात कायम कशात तरी गुंतलेले. रुब्बायच्या दगडावर, म्हणजे इडलीचं पीठ वाटायच्या त्या मोठ्या दगडावर बसल्या की वरवंटा असा फिरायचा की बघत राहावं. मला हात लावू देत नसत. "तुझ्या हाताने पीठ रडतं," म्हणायच्या. त्यांचा उजवा खांदा मात्र वर्षानुवर्षं ठणकायचा. रोज संध्याकाळी गरम मिठाची पुरचुंडी घेऊन शेकत बसायच्या आणि ठणक्याला शिव्या द्यायच्या, मराठीत सुरुवात आणि कन्नडात शेवट.

एका सकाळी मी अंगणात भांडी घासत होते आणि अक्का पाणी ओढत होत्या. बादली काठाशी आली, एवढ्यात दोर ओल्या हातातून सुटला. बादली खाली निघाली. दुसरी कुणी असती तर जाऊ दिली असती. अक्कांनी दोर झपकन पकडला आणि त्या झटक्याबरोबर सुकी काडी मोडावी तसा आवाज आला, मला चुलीच्या राखेत हात असताना ऐकू आला. पण बादली सोडली नाही हो! ती वर घेतली, काठावर ठेवली, आणि मग म्हणाल्या, "अय्यो, काय तुटलं गं?"

आम्ही दोघींनी दोर तपासला. वीत वीत तपासला. दोर शाबूत. रहाट शाबूत. "कायतरी तुटलंय खास," अक्का म्हणत राहिल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर नवल आलं. खांदा हलवून बघितला. "सूनबाई, ठणका गेला की गं!"

खोटं नाही सांगत. इतक्या वर्षांचा ठणका गेला. त्या दिवशी चांगली कळ होती, मग दंड हिरवानिळा झाला, तो निळेपणा कोपराकडे उतरत गेला, पण जुना ठणका गेला तो गेलाच. हे कसं, ते आता मला कळतं. झिजलेली दोरी कुरकुरत होती, ती तुटली, कुरकूर थांबली. तेव्हा वाटलं, देवच पावला.

नंतर अक्कांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. पीठ वाटताना हात लवकर दमायला लागला. लुगडं पिळताना पीळ बसेना. डब्याचं झाकण फिरवायला मला हाक मारू लागल्या, म्हणजे बघा. आणि एक दिवस न्हाणीतून मला आत बोलावलं. बाही वर करून म्हणाल्या, "हे बघ. बेडकुळी खाली उतरली."

दंड दुमडला की जो फुगवटा येतो त्याला आमच्याकडे साताऱ्याला बेटकुळी म्हणतात, अक्का बेडकुळी म्हणायच्या. बेडकीच ती, दंडात दबा धरून बसलेली. पोरं एकमेकांना काढून दाखवतात, कुणाची मोठी म्हणून. तर अक्कांच्या डाव्या हाताची बेडकुळी होती जागच्या जागी, दंडाच्या मध्यावर. आणि उजव्याची घसरून कोपराजवळ गोळा होऊन बसलेली. वरचा दंड सपाट, जसा कुणी हातानं पुसून घेतलाय.

"गाठ तर नव्हे?" अक्का हळूच म्हणाल्या. ती भीती होती त्यांना. म्हणून मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो, दोघीच, हे कारखान्यात पाळीला गेलेले.

डॉक्टर वयस्क, कडक इस्त्रीचे, कन्नड बोलणारे. त्यांनी अक्कांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. हात काही पाहिला नाही. विधवा बाई, अंगभर पदर, कोपरापर्यंत बाही. आपण बाही वर करा म्हणणं त्यांना जमलं नसणार, आणि आपण होऊन वर करणं अक्कांना. तसे दिवस होते. दोघांचं कन्नडात बोलणं चाललं. मी कोपऱ्यात उभी. मला मधूनमधून एकच शब्द कळत होता, कप्पे. मला वाटलं, विहिरीची हकीकत सांगताहेत, बादलीत बेडूक होता का काय! डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, अक्का हसून दोन बोटं दाखवून उत्तरल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं घरातल्या शहाण्या माणसाला शोधताहेत. मीही हसले. झालं! त्यांना वाटलं असेल, सगळं घरच तसलं.

त्यांनी निरोप पाठवून ह्यांना बोलावून घेतलं. हे परत आले ते चेहरा उतरवून. मला आत नेऊन म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, हाताला काही नाही. नर्व्हचं आहे. मनाचं." झोपेच्या गोळ्या आणल्या होत्या. एकटीला सोडायचं नाही, चुलीपाशी तर नाहीच, आणि जमलं तर हवापालट करायचा.

"कशावरून मनाचं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तेच म्हणाले, तुमच्या आईला भास होताहेत."

हे ह्यांनी मला सांगितलं ठीक. पण आत्यांनाही सांगितलं, ती चूक. आत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची मोठी बहीण, मागच्याच गल्लीत राहायच्या, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. दुष्ट नव्हत्या हो. अक्कांसाठी त्यांनी देव पाण्यात घातले असते. पण आपण ठरवलं की ठरलं, अशा. आल्या, अक्कांच्या डोळ्यांत निरखून बघितलं, आणि म्हणाल्या, "बाधा आहे. विहिरीवरच लागली. आनेकल गावात एक माणूस ती उतरवतो. मी घेऊन जाते. बरी होईपर्यंत तिथेच ठेवू, माझ्या पुतणीकडे."

"वन्स, मला काही झालेलं नाही," अक्का म्हणाल्या.

"झालेल्याला कळत नसतं," आत्या म्हणाल्या.

आता याच्यावर माणूस काय बोलणार? हो म्हटलं तर वेडी, नाही म्हटलं तर जास्त वेडी. अक्कांच्या हातातून उलथनं गेलं. चुलीपाशी मी, आणि त्या मधल्या खोलीत चटईवर, गोळी घेऊन गुंगलेल्या. शेजारीण कुंपणाशी येऊन दबक्या आवाजात विचारायला लागली. दूधवाला भांड्यात दूध ओतताना मान वाकडी करून आत बघायचा. मला राग यायचा तो याचा. या बाईने एकटीने घर ओढलं, तेव्हा कुणी मान वाकडी करून बघितलं नव्हतं.

आणि एका दुपारी मी मागच्या पायरीवर अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते, तर अक्का भिंतीला धरत धरत आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "खरं सांग. माझं डोकं फिरलंय का गं?"

शेंगा तिथेच राहिल्या. ज्या बाईने सुटलेली बादली सोडली नाही, तिने हे विचारावं! मी म्हटलं, "अक्का, तुम्ही त्या डॉक्टरांना नक्की काय सांगितलंत? शब्दन् शब्द सांगा."

"काय सांगणार? जे झालं ते. म्हटलं, ठणका गेला, पण माझी कप्पे खाली उतरली."

"मग?"

"मग ते म्हणाले, कसली कप्पे? मी म्हटलं, दंडातली. ते म्हणाले, दंडात कप्पे कधी शिरली? मी म्हटलं, शिरली कुठे, जन्मापासून आहे! सगळ्यांनाच असतात, दोन दोन. तुम्हालासुद्धा आहेत, तुमच्या दिसत नाहीत एवढंच."

"आणि?"

"आणि विचारलं, हलते का? म्हटलं, हात दुमडला की उडी मारते."

मी हसायला लागले ती थांबेचना. शेंगांची परात लवंडली. अक्का आधी रागावल्या, मग बघत राहिल्या, आणि मग मी त्यांना सांगितलं, "अक्का, त्यांच्या भाषेत ती कप्पे नसते! त्यांना वाटलं, तुमच्या हातात खरा बेडूक बसलाय!"

बघा आता. या बाईने जन्म बेंगळुरात काढलेला. बाजार कन्नडात, भांडण कन्नडात, देवळातला नमस्कार कन्नडात. पण दंडाच्या बेडकुळीबद्दल कन्नडात बोलायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ते पोरपणातलं, घरातलं बोलणं, ते मराठीतच राहिलेलं. तिने आपलं सरळ उचलून तिकडे ठेवलं, आणि तिकडे ते उडी मारून गेलं. अक्काही हसल्या मग, तोंडाला पदर लावून, खांदे गदगदा हलवत. गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

हसून झालं आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! संध्याकाळी हे आल्या आल्या मी विचारलं, "अहो, बेडकुळीला कन्नडात काय म्हणतात?"

हे चपला काढता काढता थांबले. "बेडकुळीला? म्हणजे... मसल."

"ते इंग्रजी झालं."

इथेच जन्मले, इथेच शिकले, कारखान्यात दिवसभर कन्नड बोलतात, आणि ह्यांनाही शब्द सापडेना. मी सगळं सांगितलं. हे चपला कोपऱ्यात लावत म्हणाले, "पण आता परत जाऊन डॉक्टरांना काय सांगायचं? तुमचा गैरसमज झाला? मोठा माणूस आहे तो. शिकलेला."

"शिकलेला आहे म्हणूनच सांगायचं. न शिकलेल्याला सांगून काय उपयोग? तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"तुला कन्नड कुठे येतं?"

"कप्पे येतं ना!"

हे हसले, आणि हसले म्हणजे अर्धे माझ्या बाजूचे झाले. पण आत्या हसल्या नाहीत. त्यांनी आनेकलची वेळ ठरवून टाकली होती. शेवटी त्यांनी एवढंच कबूल केलं, की बसला जाता जाता वाटेत डॉक्टरांकडे थांबू. त्याही बरोबर येणार. डॉक्टर परत तेच म्हणाले, की तिथूनच अक्कांना घेऊन बसस्टँडवर. अक्कांच्या दोन लुगड्यांची पिशवी त्यांनी स्वतःच भरली आणि दवाखान्यात मांडीवर घेऊन बसल्या, जशी कुणी पळवून नेणार होतं.

आमची पाळी आली. आत गेलो आम्ही तिघीच, हे कारखान्यात. डॉक्टरांनी अक्कांना पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला, आजारी लेकराशी करतात तसा. कन्नडात काहीतरी म्हणाले, त्यात कप्पे होतं. अक्का खाली बघायला लागल्या. त्यांनी उत्तर दिलं नाही. बोललं की फसतो, हे त्यांना कळलं होतं. आणि आत्यांनी माझ्याकडे बघितलं, झालं का समाधान, अशा नजरेने.

मला बोलायचं होतं ते सगळं मी रात्रभर घोकून ठेवलं होतं, ते जागेवर उडालं. एकही कन्नड वाक्य तोंडातून फुटेना. मग मी काय केलं? माझी बाही वर सारली, मूठ आवळली, हात दुमडून डॉक्टरांच्या टेबलावर आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने दंडावर बोट ठेवून म्हटलं, "डॉक्टर! कप्पे!"

"अगं, लाज!" आत्या मागून किंचाळल्या.

माझी कसली बेडकुळी! नवी सून, काडीपहिलवान. पण असेल तेवढी काढली. मग अक्कांच्या डाव्या दंडावर पोलक्यावरून बोट ठेवलं, "कप्पे." मग उजव्या हाताच्या कोपराजवळ, "कप्पे." आणि हात पसरून उभी राहिले, आता तुम्ही बघा काय ते.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी आपल्याच कोटाच्या बाहीवरून आपला दंड चाचपला. मग अक्कांकडे पाहिलं. आणि खुर्ची मागे सरकवून असे हसले की बाहेरचा कंपाउंडर दाराशी आला. त्याला त्यांनी हाताने परत पाठवलं, दार लावून घेतलं, आणि अक्कांना अगदी अदबीने काहीतरी विचारलं. अक्कांनी आत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही बाह्या वर केल्या.

मग मात्र तो माणूस डॉक्टर झाला. दोन्ही दंड शेजारीशेजारी बघितले. कोपर धरून, मी खाली ढकलतो, तुम्ही वर ओढा, असं करून बघितलं. तळवा वरखाली फिरवायला लावला. मग दोन्ही हातांची बोटं गुंफून डोक्यावर ठेवायला सांगितली आणि तिथे दाबून धरायला. अक्कांनी ठेवली. आत्या म्हणाल्या, "डोक्यावर हात घेऊन बसवतात काय! अशुभ!" डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही. ते अक्कांच्या मागे उभे राहून दोन्ही खांद्यांच्या पुढच्या बाजूला बोटांनी चाचपत होते. डावीकडे बोट थांबलं, तिथे दोरी ताठ लागली. उजवीकडे बोट शोधत राहिलं. तिथे काही नव्हतंच. जयनगरच्या त्या पोरीने पडद्यावर मला जी रिकामी खाच दाखवली ना, तीच त्यांनी डोळे मिटून बोटाने वाचली.

हे त्यांनी मला खुणांनी आणि अक्कांना शब्दांनी समजावून दिलं. स्नायूला वर खांद्याशी बांधणारी दोरी तुटली, म्हणून स्नायू खाली गोळा झाला. गाठ नाही, घाबरायचं नाही. त्यांनी गरडीतल्या पैलवानांना हे झालेलं पाहिलंय, गरडी म्हणजे इथली तालीम. बाईमाणसाला झालेलं पहिल्यांदाच. काही दिवस हात झोळीत, मग हळूहळू कामाला. बेडकुळी परत वर जायची नाही, पण तिचं काही अडणारही नाही. "नन्न कप्पे अल्ले इरत्ता?" अक्कांनी विचारलं, म्हणजे तिथेच राहणार का माझी. "अल्ले," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा हसले.

उठायची वेळ झाली. सगळे उठले. मी जागची हलले नाही. मला पाहिजे होतं ते अजून मिळालं नव्हतं. हात कळला, पण डोक्याचं काय? भास हा शब्द त्यांनीच काढला होता, घरात तो आत्या घेऊन फिरत होत्या, कुंपणापलीकडे गेला होता. तो परत कोण घेणार? मी अक्कांना म्हटलं, "विचारा त्यांना. माझं डोकं कसं आहे, विचारा. आत्यांच्या देखत."

"जाऊ दे गं," अक्का म्हणाल्या.

"जाऊ द्यायचं नाही. बादली दिली होती का जाऊ?"

अक्कांनी पदर सावरला. मग ताठ झाल्या, त्यांची ती उंची परत आली, आणि त्यांनी विचारलं. डॉक्टरांचं हसू गेलं. ते उभे राहिले आणि अक्कांशी नाही, आत्यांशी बोलले. हात जोडले होते का, ते मला आता आठवत नाही, पण आवाज तसा होता. ते बरंच काही म्हणाले, मला समजलं नाही. शेवटचं तेवढं समजलं, कारण त्यातला एक शब्द मला दुकानातून, कुंपणावरून, मिठाच्या डब्यापासून ओळखीचा होता. स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाले, "इवर तले सरी इदे." डोकं सरी आहे. अगदी सरी.

आत्यांनी छातीशी धरलेली पिशवी खाली ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी अक्का होत्या, एक हात झोळीत, दुसऱ्याने ढवळत, आणि मला "स्वल्प, स्वल्प" करत. मी पाणी ओढायला लागले आणि पीठही वाटायला लागले. ते रडलं, पण खाल्लं सगळ्यांनी. शेजारीण कुंपणाशी आली तेव्हा अक्कांनी तिला आत बोलावलं, झोळीतून हात काढला, बाही वर केली आणि बेडकुळी दाखवली. दूधवाल्यालाही दाखवायला निघाल्या होत्या, मीच ओढून आत नेलं. पुढे महिनोन्‌महिने कुणी "आता तब्येत कशी?" असं डोळे बारीक करून विचारलं, की हेच उत्तर. बाही वर.

आत्या मात्र आत्याच. त्या गप्प बसल्या, पण हरल्या नव्हत्या. एकट्याच आनेकलला जाऊन आल्या. येताना पोतंभर अवरेकाई आणली आणि पदराच्या गाठीतून एक काळा दोरा काढला, त्या माणसाने मंतरून दिलेला. "डॉक्टरांचं सरी," म्हणाल्या, "पण एवढा दोरा तरी बांधून घे. माझ्या जिवाला बरं वाटेल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी हात पुढे केला. "द्या वन्स. सरी आहे. तुटली ती दोरीच ना, मग दोऱ्याला नको कशाला म्हणू?"

आत्यांचा चेहरा उजळला. अक्का दोरा घेऊन अंगणात गेल्या, आम्ही दोघी मागोमाग. विहिरीपाशी थांबल्या, "बाधा इथलीच ना, वन्स?" म्हणाल्या, उजवा हात वर केला, बेडकुळी कोपराशी टुणकन आली, आणि तो काळा दोरा त्यांनी दोन गाठी मारून रहाटाच्या खांबाला बांधला.